शेगडीचंही ॲव्हरेज काढावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की ‘सिलिंडर पूर्वी दीड महिना जायचा, आता महिन्यातच संपतो, वजनात मारतात’ अशा तक्रारींची पत्रं आपल्या दैनिकात येऊ लागतात. यंदाही आली. मारत असतीलही. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवून काट्यावर ताडून घ्यावं, हे खरंच. पण काट्याच्या आधी एक हिशोब घरात बसून करता येतो. तो मी नऊ वर्षं अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरच्या बर्फात करते आहे, म्हणून हे पत्र.

मी मूळची मिरजेची. सहकारी बँकेत बावीस वर्षं लेजर सांभाळलं. इथे आम्ही घेतलेल्या जुन्या घरात घर तापवायला तळघरात तेलावरची भट्टी आहे आणि बैठकीत पेलेटची शेगडी. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. आपल्याकडची गोळी पेंड डोळ्यांसमोर आणा, हुबेहूब तशा. त्या ४० पौंडांच्या, म्हणजे सव्वाअठरा किलोला थोड्या कमी वजनाच्या पोत्यात येतात. पन्नास पोत्यांचा एक टन (इथला टन २००० पौंडांचा). शेगडीच्या पाठीमागच्या पेटीत पोतं ओतायचं. खाली एक स्क्रू फिरतो, तो मूठमूठ गोळ्या जळणाच्या वाटीत टाकतो, पंखा हवा देतो. वीज गेली की सगळं ठप्प, पण ते दुखणं आज नको. उष्णतेच्या हिशोबाने एक पोतं म्हणजे आपलं साधारण अर्धं सिलिंडर. जानेवारीत ते एका दिवसात जळतं!

पोती उचलायचं काम आमच्या ह्यांचं, वही माझी. पहिल्या वर्षी मी फक्त पोतं ओतल्याची तारीख लिहायची. पुढे कळलं की त्यात दोन गफलती आहेत. पहिली म्हणजे, महिनाअखेरीला पेटी अर्धी भरलेली असली तर ते अर्धं पोतं कुठल्या महिन्याचं? यावर उपाय स्कूटरने शिकवला होता. ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल्ल करून काढतात. तसं एक तारखेला सकाळी पेटी काठोकाठ भरायची आणि तिथून मोजायला लागायचं.

दुसरी गफलत मोठी. दिवस सारखे नसतात. इथल्या हवामान खात्याचे लोक रोज एक आकडा देतात, त्याला डिग्री-डे म्हणतात. ६५ फॅरनहाइट, म्हणजे आपले १८ सेल्सिअस, यातून दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं. सरासरी २५ आली तर ४० डिग्री-डे. बाहेर ६५ असेल तर घर सहसा तापवावं लागत नाही, माणसं, फ्रीज आणि स्वयंपाक यांचीच ऊब पुरते, म्हणून सुरुवात तिथून. महिन्याची बेरीज करायची आणि जळलेल्या पौंडांना तिने भागायचं. झालं शेगडीचं ॲव्हरेज.

यंदाची वही समोर आहे. डिसेंबरात २६ पोती, १०८० डिग्री-डे. भागाकार ०.९६. जानेवारीत ३३ पोती, १३१०. भागाकार १.०१. म्हणजे आमच्या घराला डिग्रीमागे पौंडभर लागतं. फेब्रुवारीतही ३३च पोती. हे म्हणाले, “जानेवारीएवढीच की, सगळं ठीक आहे.” पण फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, त्यात यंदा उबदार, डिग्री-डे १०६०. भागाकार १.२५! सहा-सात पोती कुठेतरी फुकट गेली होती, आणि पोत्याला सात डॉलर पडतात. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “यंदा थंडीच तशी आहे.” बँकेत फरक निघाला की कॅशियर असंच काहीतरी बोलायचा.

मग मीच बसले शेगडीसमोर. ज्योत एरवी पांढुरकी, चपळ असते. आता ती लांब, पिवळी, सुस्त झाली होती आणि काचेवर काजळी धरत होती. दाराच्या कडेला दोरीसारखी पट्टी असते, ती दार घट्ट बसवते. ती तपासायची रीत अशी की शेगडी थंड असताना दारात कागदाची नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर पट्टी चांगली. माझ्या पाकिटात दहाची जुनी नोट होती, गांधीजींची. तीन बाजूंना ती अडली. बिजागरीच्या बाजूला मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. हवा जळणाच्या वाटीतून जायची सोडून तिथून आत शिरत होती. शिवाय मागची उष्णता देणारी नळकांडी उघडली तर आत मैद्यासारखी राख, करंगळीच्या जाडीची. तिच्यामुळे धगीचा मोठा भाग खोलीत यायचा सोडून धुराड्यातून बाहेर. आम्ही समोरची राख रोज काढत होतो, मागची कुणीच नाही. नवी पट्टी चिकटवली, नळकांडी ब्रशने साफ केली. मार्चात २२ पोती, ९१० डिग्री-डे, भागाकार ०.९७.

एकदा याच वहीने मला फसवलंही होतं. तीन वर्षांपूर्वी एका महिन्यात पोती एकदम कमी झाली, मी खूश. मग तेलाचा टँकर येऊन गेला आणि बिल बघून कळलं की मागच्या खोल्यांसाठी तळघरातली भट्टी रात्रभर चालत होती. आता तेलही याच बेरजेत धरते. १२० गॅलन तेल म्हणजे एक टन पेलेट असा ढोबळ हिशोब इथे करतात, म्हणजे पोत्याला २.४ गॅलन.

हे सगळं मी इथे शिकले असं मला वाटत होतं. परवा आठवलं, आईने हे केव्हाच केलं होतं. सिलिंडर लावला की ती कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत ‘गॅ’ लिहायची. शेजारी बारीक अक्षरात ‘वन्सं व मुलं, ८ दि.’ किंवा ‘दिवाळी’, आणि थंडीत ‘अंघोळीचं पाणी गॅसवर’. पुढचा सिलिंडर लवकर संपला तर एजन्सीवाल्याशी भांडायच्या आधी ती ते बारीक अक्षर वाचायची. तक्रार करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत मला ‘गॅ’ दिसतो, बारीक अक्षर दिसत नाही. डिसेंबरात नळाचं पाणीच गार येतं, तेवढंच तापवायला गॅस जास्त लागणार.

माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात खव्याचा लहानसा कारखाना चालवतो. बॉयलर पांढऱ्या कोळशावर, म्हणजे भुसा, सोयाबीनचं भुसकट, शेंगांची टरफलं यांच्या कांड्यांवर. तोही ‘रोज अमुक पोती’ एवढंच लिहायचा. दूध आज किती आटवलं याची नोंद दुसऱ्या वहीत, आणि दोन वह्यांची कधी गाठ नाही. शिवाय माल वजनावर घ्यायचा आणि पोत्यावर ओलावा, राख, उष्मांक यांचा एका अक्षरानेही उल्लेख नाही. पावसाळ्यात कांडी पाणी पिते. ते पाणी आपण कोळशाच्या भावाने विकत घेतो आणि पुन्हा ते उडवायला कोळसाच जाळतो. आमच्याकडच्या पोत्यांवर हे आकडे छापलेले असतात. महाराष्ट्रात पांढरा कोळसा विकणाऱ्यांनीही ते छापावेत, हे आपल्या दैनिकाने लावून धरावं अशी विनंती आहे.

तोवर भावाला दोन वह्या एकत्र करायला लावल्या आहेत. पहिल्या महिन्याचा भागाकार त्याने कळवला, शंभर लिटर दुधामागे ३१ किलो. जुलैत तो किती चढतो ते बघायचं आहे.

आपली,
एक वाचक
(मूळ मिरज, सध्या न्यू हॅम्पशायर)