कायम ठेवींचं मुद्दल सुकत चाललंय, कोणीतरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत 2025 मध्ये श्रीमंत विद्यापीठांच्या एंडोमेंटच्या, म्हणजे मुद्दल न मोडता नुसती कमाई वापरायच्या कायम ठेवींच्या, कमाईवरचा टॅक्स 1.4 टक्क्यांवरून वाढवून काहींसाठी पार 8 टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हापासून आमच्या रिटायर्ड मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय, की हार्वर्डकडे 50 अब्ज डॉलरहून जास्त पडून आहेत तर ते पोरांकडून फी घेतातच कशाला. मी कॉलेजच्या अकाउंट्समध्ये आख्खी नोकरी काढली, स्कॉलरशिप आणि बक्षिसांचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडेच होतं, म्हणून हे पत्र. तिकडचे पैसे पडून नाहीयेत, आणि आपल्या कॉलेजांत बक्षिसांच्या ठेवींचे जे खरंच पडून आहेत त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

हार्वर्डचा तो निधी म्हणजे एक मोठं खातं नाही, त्यात चौदा हजारांहून जास्त वेगवेगळे फंड आहेत, बहुतेकांना देणगीदारांनी अटी घातलेल्या, म्हणजे अमुक विषयाच्या प्राध्यापकाचा पगार, तमुक मुलांची स्कॉलरशिप, त्यामुळे वाटेल तिकडे वळवता येत नाहीत. पण गुंतवणूक सगळ्यांची एकत्र होते. दरवर्षी साधारण 5 टक्क्यांच्या आसपास रक्कम काढायची आणि वरची कमाई मुद्दलातच राहू द्यायची असा हिशेब. 2024 च्या आर्थिक वर्षात अशी 2.4 अब्ज डॉलर रक्कम खर्चायला मिळाली, विद्यापीठाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त. 2025-26 पासून 2 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तिथे ट्यूशन फी नाही, आणि 1 लाखापर्यंत असेल तर राहणं-जेवणसुद्धा फुकट, हे अशा पैशाच्या जोरावरच जमतं.

तिकडच्याच येल विद्यापीठाची पद्धत मला त्याहून आवडली. तिथे यंदा किती काढायचं ते ठरवताना गेल्या वर्षीच्या खर्चात महागाई मिळवून त्याला 80 टक्के वजन देतात आणि निधीच्या बाजारभावाच्या 5.25 टक्क्यांना फक्त 20 टक्के. म्हणजे बाजार पडला तरी स्कॉलरशिप एकदम कोसळत नाही आणि बाजार उसळला म्हणून उधळपट्टीही होत नाही. 2009 ला हार्वर्डच्या निधीला गुंतवणुकीत 27 टक्के तोटा झाला होता, त्यामुळे शेअर बाजार म्हणजे जादू आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण खर्चाचा नियम आधीच लिहून ठेवलेला असला की पडझडीतही मुलांची मदत चालू ठेवता येते.

हे सगळं परदेशातच असतं असं नाही. 1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करत, आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये देऊ केले, आईच्या नावानं, म्हणूनच ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एसएनडीटी. ते 15 लाख साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांमध्ये, म्हणजे वर्षाला 52,500 रुपये, त्यावर विद्यापीठ चालायचं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या माणसांना मुद्दल, व्याज आणि अटी यांचा संबंध पक्का कळत होता. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत स्कॉलरशिप मिळाली म्हणजे काय मान असायचा हे जुन्या मंडळींना विचारा. जे. एन. टाटा एंडोमेंट तर 1892 पासून चालू आहे, नारळीकर सर केंब्रिजला गेले तेही त्याच्याच मदतीनं, आणि तिथे शिष्यवृत्ती कर्जाऊ असते, परत आलेला पैसा पुढच्या मुलांच्या कामी येतो, म्हणून इतकी वर्षं टिकलीय.

आता आमच्या कॉलेजचं सांगतो, नाव लिहीत नाही. 1986 मध्ये एका सरांच्या पत्नींनी सरांच्या स्मरणार्थ 5,000 रुपये दिले, टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला व्याजातून बक्षीस. तेव्हा एफडीला 10 टक्के होते, 500 रुपये मिळायचे, एका मुलीनं त्यात वर्षाची फी भरून वर पुस्तकं घेतलेली मला आठवतंय. आज तीच एफडी साडेसहा टक्क्यांनी रिन्यू होते, 325 रुपये येतात, ते पाकिटात घालून गॅदरिंगला स्टेजवर देतात, त्यात एका सेमिस्टरची परीक्षा फीसुद्धा निघत नाही. अशा ठेवींचं आख्खं रजिस्टर आहे, एकेका पानावर एकेक नाव, कोणाची आई, कोणाचा गेलेला मुलगा, आणि प्रत्येक पानावर मुद्दल तेवढंच, पैसा वाढला नाही. दोन वर्षं एक बक्षीस दिलंच गेलं नाही कारण एफडी मॅच्युअर होऊन सेव्हिंगला पडून होती, मी तीन अर्ज केले तेव्हा रिन्यू झाली.

यात दोष फक्त ऑफिसचा नाही. ट्रस्टच्या कॉलेजला आयकर माफी हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के खर्च करावे लागतात, 15 टक्के मागे ठेवता येतात, त्याहून जास्त ठेवायचे तर कारण देऊन फॉर्म भरायचा आणि पाच वर्षांत वापरायचे. एफडीला 7 टक्के धरले तर त्याचे 15 टक्के म्हणजे मुद्दलात जेमतेम 1 टक्का पडतो, महागाई बहुतेक वर्षं त्याच्या कितीतरी पुढे. आणि तो 1 टक्काही बहुतेक ठिकाणी मुद्दलात जातच नाही, जनरल खात्यात जमा होतो आणि विषय संपला. कायद्यात म्युच्युअल फंडात पैसे ठेवायला परवानगी आहे, पण सही कोण करणार? एफडी केली तर कोणी विचारत नाही, म्हणून सगळे एफडीच करतात. मला ते समजतं, पण पन्नास वर्षं टिकवायच्या पैशाची सगळी रक्कम एफडीत ठेवणं म्हणजे तो हळूहळू संपवणंच आहे.

नंदन निलेकणींनी 2023 मध्ये आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले, फार मोठी गोष्ट आहे, पण तालुक्याच्या कॉलेजला तसा माजी विद्यार्थी मिळणार नाही. तिथे पाच हजार, पन्नास हजार देणारेच येणार, रिटायर झालेले शिक्षक, गावातले दुकानदार, आणि त्यांचा पैसा उलट जास्त जपला पाहिजे कारण तो त्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेला असतो.

म्हणून माझी विद्यापीठांना आणि संस्थाचालकांना विनंती आहे, की प्रत्येक कॉलेजनं आपल्या वेबसाइटवर एक साधा तक्ता टाकावा, ठेवीचं नाव, कुठल्या साली किती दिले, आज मुद्दल किती, पैसे कुठे ठेवलेत, यंदा कोणत्या वर्गाला किती रक्कम दिली, न दिली तर का. पन्नास छोट्या ठेवींच्या पन्नास एफडी करण्यापेक्षा एकत्र गुंतवा, नावं आणि हिशेब वेगळे ठेवा, आणि कायद्यात बसणारे 15 टक्के न चुकता त्या-त्या ठेवीच्या मुद्दलात टाका. देणगीदारांच्या घरच्यांना वर्षातून एक पत्र गेलं तर त्यातले कितीतरी जण भर घालतील, आमच्या त्या सरांच्या मुलानं मला स्वतः विचारलं होतं की किती टाकू, आणि त्याला उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा हेच ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. निदान एवढं तरी जूनच्या अॅडमिशनच्या आधी ठरवावं.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, सातारा