बॅनरवर काय लिहायचं?

एडिसन, न्यू जर्सी
२४ नोव्हेंबर २००१

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन काही लागला नाही आणि हे ई-मेलवर चार ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. सचिनवर चेंडू कुरतडल्याचा ठपका आल्यापासून तू जेवतोयस ना, एवढं वहिनींना विचारून कळव.

मुद्द्यावर येतो. आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम हॉल न मिळाल्यामुळे लांबला, तो आता १ डिसेंबरला आहे. सुरुवातीला अमेरिकेचं राष्ट्रगीत, मग ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं, जमलेला निधी द्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण आहे ते स्टेजमागच्या बॅनरवरून. काहींचं म्हणणं, त्यावर झेंड्याखाली मोठ्या अक्षरांत लिहायचं की आम्ही भारतीय आहोत, हिंदू आहोत, त्या लोकांशी आमचा काही संबंध नाही. आणि तोच मजकूर पत्रकांवर छापून ओक ट्री रोडवरच्या दुकानांत वाटायचा. मी नाही म्हणालो. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आधी हे सांगतो, इथल्या आपल्या माणसांनी जे केलं ते मनापासून केलं. त्या मंगळवारी जर्सी सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून नदीपलीकडचा धूर दिसत होता. ट्रेननं मॅनहॅटनला जाणाऱ्या काही जणांच्या गाड्या नंतर कित्येक दिवस स्टेशनबाहेर उभ्या होत्या, त्यांच्या काचांवर धूळ साचत गेली. त्यांतली एक रोज माझ्या शेजारी लागायची. मालकाशी मी कधी बोललो नव्हतो, पण ती गाडी उचलून नेली त्या दिवशी मी ऑफिसला जाऊ शकलो नाही. मंडळातल्या बायकांनी फायरहाऊसवर जेवणाचे ट्रे पोचवले. रक्तदानाला तर आपले लोक पहाटेपासून रांगेत होते. आणि तिथं काय झालं माहितीय? गेल्या वर्षभरात भारतात जाऊन आलेल्यांचं रक्त घेत नाहीत, मलेरियाचा नियम आहे. आपल्यातलं कोण उन्हाळ्यात घरी जाऊन आलेलं नसतं? टेबलावरची नर्स प्रत्येकाची माफी मागून परत पाठवत होती. एक आजोबा, इथे पंचवीसेक वर्षं राहिलेले, तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, मला काही झालेलं नाही, घ्या हो. शेवटी ते तिथेच खुर्च्या लावायला लागले. मंडळी निघून गेली तरी ते थांबले. कुणाला दाखवायला केलं असं त्यांच्याबद्दल म्हणून तर बघ.

झेंडे त्या आठवड्यात कुठे मिळेनात. पेपरात पानभर झेंडा छापून आला होता, तोच आम्ही पुढच्या खिडकीला चिकटवला. संध्याकाळी बेल वाजली. शेजारचे म्हातारे, कोरियाच्या लढाईत होते ते. सरळ सांगतो, बेल वाजली तेव्हा पोटात गोळा आला. ते म्हणाले, रस्त्यावरून बघणाऱ्याला निळा चौकोन डाव्या हाताला दिसायला हवा, तुमचा उलटा लागलाय. मग टेप काढून त्यांनी स्वतः तो नीट लावून दिला. कोपरे दाबताना त्यांचा हात थरथरत होता. माझा मुलगा शाळेत शिकलेली शपथ त्यांना छातीवर हात ठेवून म्हणून दाखवत होता. तो जन्मानं इथला नागरिक, मी अजून ग्रीन कार्डवाला. तो झेंडा मी प्रेमानं लावला, आणि भीतीनंही लावला. दोन्ही खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

भीती उगीच नव्हती रे. १५ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसामध्ये बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या. पंपाभोवती फुलझाडं लावत होते. त्याच दिवशी एका दुकानातल्या मदतपेटीत खिशातले सगळे पैसे टाकून आले होते. मारणारा पकडला गेला तेव्हा ओरडत होता की तो देशभक्त आहे. ऑक्टोबरमध्ये टेक्सासमध्ये वासुदेव पटेल गेले, तेही पंपावरच. म्हणून बॅनरवाल्यांवर मला रागावता येत नाही. त्यांच्यात सगळ्यांत पुढे एक काकू आहेत. १९८७ साली त्या जर्सी सिटीत राहायच्या. कुंकू लावणाऱ्या बायकांना इथून हाकलून लावू, असं ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्यांचं पत्र तेव्हा पेपरात छापून आलं होतं. त्याच सुमारास होबोकनमध्ये नवरोज मोदीला मरेस्तोवर मारलं. काकू त्यानंतर कितीतरी महिने कुंकू पर्समध्ये ठेवून बाहेर पडायच्या आणि घरी आल्यावर लावायच्या. मीटिंगमध्ये त्या मला म्हणाल्या, “तू तेव्हा इथे नव्हतास.” यावर काय बोलणार?

पण बोललो. म्हटलं, काकू, नवरोज पारशी होता. सोढी शीख होते. मारणारे नाव-गाव विचारून मारत नाहीत, तुमचा बॅनर वाचायला कोण थांबणार? आणि समजा थांबला, वाचला, तर त्यातून तो काय घेईल? की आम्ही नाही, पुढच्या घरी जा. सोढी गेले त्याच दिवशी डॅलसमध्ये वकार हसन गेले, आपल्या दुकानात. ते मुसलमान होते. सोढींच्या वेळी सगळे म्हणाले, अरेरे, चुकून मारलं. मग वकार हसनना काय बरोबर मारलं? हे म्हटल्यावर हॉलमध्ये कुणीच बोललं नाही, पण पटलं असंही नाही. एक जण म्हणाला, तुला त्यांचा फार पुळका.

इथे आता धरपकड चालू आहे, हजाराच्या वर लोक आत आहेत, बरेचसे आमच्या न्यू जर्सीतल्याच तुरुंगांत. आमच्या कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी दुकानदाराच्या काचेवर आमच्यापेक्षा मोठा झेंडा आहे. तो मला दिसतो आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा तो फोटो आठवतो. १९४१ साली जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका जपानी वंशाच्या माणसानं आपल्या किराणा दुकानावर भली मोठी पाटी लावली, मी अमेरिकन आहे. पुढे त्यालाही नेलंच. सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत टाकली, त्यांतली बहुतेक इथंच जन्मलेली. आणि त्यांचीच पोरं काटेरी तारांमागे आईबाप ठेवून ४४२ व्या रेजिमेंटमधून युरोपात लढायला गेली. आजचे वाहतूकमंत्री नॉर्मन मिनेटा दहा वर्षांचे असताना त्यांना असंच नेलं होतं, त्यांच्या हातातली बेसबॉलची बॅटही शिपायांनी काढून घेतली होती. ११ सप्टेंबरला देशातली सगळी विमानं उतरवायला लावली ती त्यांनी, आणि दहाच दिवसांनी विमान कंपन्यांना ताकीद दिली तीही त्यांनीच, की कुणाचं तोंड बघून, धर्म बघून प्रवाशांना वेगळं काढायचं नाही. बंड्या, मला तो माणूस हवा आहे, बॅनरवर नको, पण आमच्या मीटिंगमध्ये हवा आहे.

आता तुला का लिहितोय ते तुला कळलं असेलच. जानेवारी १९९३, मुंबईतल्या दंगलीचे दिवस. जिन्याखालची नावांची पाटी. स्क्रू ड्रायव्हर तुझ्या हातात, चाचांचं नाव काढतोयस, आणि मी खालून तुझ्या शर्टाला धरून ओढतोय. तू म्हणालास, “नाव काढलं तर माणूस वाचेल.” मी म्हणालो, नाव काढलंस तर ते या बिल्डिंगमधले राहिले कुठे? पुढे होळीपर्यंत आपण बोललो नाही. आईनं पुरणपोळी घेऊन पाठवलं नसतं तर तू अजून फुगून बसला असतास, कबूल कर! चाचा वाचले, हे खरं. ते पुढच्या उन्हाळ्यात जागा विकून गेले, हेही खरं. आपण ते भांडण कधी संपवलंच नाही. आणि मी अजून माझ्या बाजूला आहे, सांगून ठेवतो. फक्त तू एक नाव झाकलंस ते त्या माणसासाठी. इथे आम्ही आमचं नाव ठळक करतोय ते त्या माणसाला उघडं पाडून. हा फरक मला काकूंना समजावता येत नाहीये. तुला येईल, कारण स्क्रू ड्रायव्हर तुझ्या हातात होता.

मी सुचवलंय की बॅनरवर फक्त झेंडा आणि आमच्या भागातल्या गेलेल्यांची नावं असू द्या, त्यांत कुणाचाही धर्म न बघता. आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सहकुटुंब बोलवा. पहिल्या गोष्टीला अर्धा हॉल तयार आहे. दुसरीला मी, माझी बायको आणि ते खुर्च्यावाले आजोबा. मंडळानं ऐकलं नाही तर मी माझ्यातर्फे त्याला आमंत्रण देणार आणि शेजारी घेऊन बसणार, हे बायकोला सांगून झालंय. ती म्हणाली, मुलांना कुठे बसवायचं तेवढं ठरव.

तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिकच का? मुलीचं दहावीचं वर्ष, वहिनींना दगदग होत असेल. तुझं ब्लडप्रेशर तपासलंस का? त्या १२ तारखेच्या क्वीन्सच्या विमान अपघातानंतर तू केलेला फोन बायकोनं घेतला होता, तेव्हा मी ऑफिसात होतो. एवढे पैसे घालवत जाऊ नकोस.

पत्र पोचेस्तोवर कार्यक्रम होऊन गेलेला असेल. तरी उत्तर सविस्तर लिही. पत्रकांचा विषय जानेवारीच्या मीटिंगमध्ये पुन्हा येणार आहे, आणि काकूंना तुझं पत्र वाचून दाखवायची मी आत्ताच परवानगी मागतोय. चाचांचा पत्ता कुणाकडे असेल तर तोही कळव.

तुझा,
अन्या