परकाराने मोजलेली लाँच : मिस्त्रीकाकांना एक पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल, आणि ती वाचायला लागली की ओसरीवर दोघं-चौघं येऊन बसतातच. बसू द्या. तुमचं नाव आणि गाव मात्र मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्यापासून लोक फुटकी लाकडी खेळणी घेऊन तुमच्या दारात उभे राहतील.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो आज्याचा फोटो घेऊन. आजा धानाच्या गिरणीवर इंजिन चालवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो नौदलात गेला आणि ब्रह्मदेशातल्या आराकानच्या खाड्यांत इंजिनखोलीत राबून परत आला. घरातले सगळे सांगायचे, आमचा आजा जंगी जहाजावर होता. आजा स्वतः फक्त ‘लाँच’ म्हणायचा. ट्रंकेत एकच फोटो निघाला. धक्क्याला लागलेली लाकडी बोट, डेकवर ओळीने उभी माणसं, आणि पुढच्या बाजूला रंगवलेला नंबर, ज्याचे शेवटचे दोन आकडे लोंबणाऱ्या दोराआड गेलेले.

तेवढ्यावरून मी गेली काही वर्षं एका वहीत नोंदी करतो आहे. हार्बर डिफेन्स मोटर लाँच, म्हणजे बंदराची राखण करणाऱ्या, ७२ फुटी लाकडी बोटी त्या लढाईत साडेचारशेच्या वर बांधल्या गेल्या. इंग्लंड-अमेरिकेत बांधल्या तशा आपल्या मुंबई-कलकत्त्यातही बांधल्या. लांबी ७२ फूट का, तर मोठ्या जहाजाच्या डेकवर चढवून दूरच्या बंदरात नेता यावी म्हणून. दोन डिझेल इंजिनं, वेग जेमतेम १२ नॉट, म्हणजे ताशी बावीसेक किलोमीटर. पण सुकाणू असं की पाणबुडीपेक्षा लहान वळण घेऊन तिला आतून गाठावं. यातल्या कोणत्या अजून पाण्यावर आहेत, कोणाच्या अंगणात पडल्या आहेत, हे माझं वेड. बायको त्याला ‘बुडालेली शेती’ म्हणते.

वेड किचकट आहे, कारण या बोटी नावं बदलतात. न्यूझीलंडला अशा १६ गेल्या. तिथली क्यू १३४८ नंबरची बोट पुढे पी ३५६३ झाली आणि नंतर ‘कुपारू’. बोट तीच, नोंदी तीन ठिकाणी. शिवाय लढाईनंतर कितीतरी बोटी खाजगी लोकांनी घेतल्या, वर खोल्या चढवल्या, खिडक्या पाडल्या. मग विकणारा काहीही सांगतो. पाण्यावर लाकडाचं जुनं काही दिसलं की ‘लढाईतली लाँच’, आणि किंमत दुप्पट.

अशा तीन बोटींचे फोटो मी तुमच्यासमोर ठेवले. माझ्या वहीत तिन्ही ‘शिल्लक’ म्हणून लिहिलेल्या होत्या. मला वाटलं होतं, तुम्ही लाकूड बघून वा वा कराल. तुम्ही चष्मा पुसला, पहिला फोटो उन्हात धरला आणि म्हणालात, “गुरुजी, याच्या फळ्या तं आडव्या हायेत. तुमच्या वहीत तिरप्या लिवल्या ना?”

लिहिलं होतं, मीच. फळ्यांचा एक थर एका बाजूला तिरपा, दुसरा त्याच्या उलट, आणि मधे तेलात भिजवलेलं सुती कापड. वर्षभर पाठ केलेलं वाक्य, पण फोटोत ते बघायचं असतं हे सुचलंच नव्हतं. पहिली बोट खोडली.

दुसऱ्या फोटोला तुम्ही परकार मागितला. नातीच्या कंपासपेटीतला. डेकवर उभा माणूस टोकांत धरलात, मग त्याच मापाने बोटीच्या नाकापासून शेपटापर्यंत टिपं देत गेलात, मधे एकदा चहा आला तरी हात उचलला नाही. “वीस मानसं. मानूस साडेपाच फूट धरा.” म्हणजे ११० फूट. काका, अंगावर काटा आला. ती ‘फेअरमाइल बी’ जातीची लाँच निघाली, ११२ फुटी, आमच्या लाँचची थोरली बहीण. तिच्याही फळ्या तिरप्याच, म्हणून मी फसलो होतो. त्यातली एक, आरएमएल ४९७ नावाची बचाव लाँच, इंग्लंडात हार्टलपूलच्या नौदल संग्रहालयात नेली होती. पण ती वही वेगळी.

तिसरीत फक्त वरचा भागच दिसत होता. “याच्यावर मी सही नाई देत,” म्हणालात. तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

मग न सांगता तुम्ही आज्याचा फोटो ओढलात. तेरा माणसं आणि वर थोडं. ७२ फूट. आजा खरं बोलत होता. जहाज आम्ही वाढवून सांगत होतो.

त्या दिवशी मला थोडं वाईट वाटलं होतं, हे आता सांगतो. तीन नोंदी घेऊन आलो आणि एक प्रश्नचिन्ह घेऊन निघालो. पण मी परत निघताना तुम्ही सागाच्या काड्या रंध्याने पातळ काढल्या आणि चौकट जुळवली. एका थराची चौकट दाबली तर पतंगासारखी तिरकी झाली. तेलाचं धोतर घालून वर उलटा थर ठोकला, तर मी गुडघ्याने दाबली तरी हलेना. ती माझ्या टेबलावर आहे. लढाईत महोगनी संपत आली तेव्हा या बोटींना लार्च नावाच्या दुसऱ्या झाडाच्या फळ्या लावल्या आणि त्या बोटी गळायच्या, हे सांगितल्यावर तुमचं हसू: “लाकूड बदललं का पानी विचारतेच.”

तुम्ही पैसे घेतले नाहीत. विचारलं एवढंच, की यातली एखादी अजून चालते का. चालते. इंग्लंडात पूल नावाच्या बंदरगावी १९४३ साली बांधलेली ‘मेडुसा’ तिथल्याच गॉस्पोर्टला आहे. ६ जून १९४४ ला दोस्तांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं, तेव्हा तिथल्या ओमाहा किनाऱ्याकडे जाणारी वाट दाखवायला ती समुद्रात उभी होती. नौदलात १९६५ पर्यंत राबली, नंतर लोकांनी खपून दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

तिचा बाजूने घेतलेला फोटो मोठा करून आणतो, धान निघालं की. डेकवर माणसं उभी आहेत. परकार काढून ठेवा.

तुमचा,
वहीवाला गुरुजी