तक्रार पत्र : स्टॅम्प आणि डाय ठेवण्याच्या पेटीतील सदोष पॉकेटांबाबत

ठाणे, १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘पीव्हीसीमुक्त’ म्हणून विकलेल्या पॉकेटांमुळे क्लिअर स्टॅम्प खराब होणे, मॅग्नेटिक शीट सांगितल्यापेक्षा पातळ निघणे आणि डायला गंज चढणे

महोदय / महोदया,

आमचा हाताने शुभेच्छापत्रे बनवणाऱ्यांचा गट आहे. आपल्या संकेतस्थळावरून आम्ही २१ मे रोजी ६० पॉकेटांच्या तीन स्टॅम्प-डाय पेट्या घेतल्या, प्रत्येकी ३,४५० रुपयांना. क्लिअर स्टॅम्प म्हणजे शाईचा छाप उठवणारे पारदर्शक शिक्के आणि डाय म्हणजे कागद आकारात कापणारे स्टीलचे पातळ साचे; दोन्ही पेटीतल्या प्लास्टिकच्या पॉकेटांत ठेवतात, डाय मॅग्नेटिक शीटवर. बिलाची प्रत, फोटो आणि एक पॉकेट या पत्रासोबत पाठवत आहोत. पैशांचा विषय पुढे येईलच, पण त्याआधी एक निकडीची विनंती. ही पेटी घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला आजच कळवा की क्लिअर स्टॅम्प पॉकेटांतून ताबडतोब बाहेर काढा. ते आत राहतील तितके नुकसान वाढणार आहे, आणि झालेले नुकसान धुऊन-पुसून जात नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका पेटीत ३८ क्लिअर स्टॅम्पचे संच भरले. सोबतच्या पत्रकात ‘मूळ पॅकिंग काढून टाका, स्टॅम्प थेट पॉकेटच्या आतल्या बाजूला चिकटवा’ असे लिहिले आहे. त्याप्रमाणे ३१ संच थेट चिकटवले. उरलेले ७ मात्र कंपनीकडून आलेल्या मूळ कडक शीटवरच राहू दिले आणि शीटसकट पॉकेटात सरकवले. दहा आठवड्यांनी ३१च्या ३१ संच चिकट, तेलकट झाले होते. काही पॉकेटच्या प्लास्टिकला इतके घट्ट बसले होते की सोडवताना बारीक भाग तुटले. कडक शीटवरचे सातही संच जसेच्या तसे आहेत. पेटी एक, कपाट एक, हवा एक. फरक फक्त प्लास्टिकला थेट टेकण्याचा.

आपल्या विक्री पानावर ‘पीव्हीसीमुक्त पॉलिप्रॉपिलीन’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते खरे नाही. तपासणी साधी आहे, आपल्या गोदामातही करता येईल. पॉकेटचा नखाएवढा तुकडा कापून भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा आणि बोटाने हवेचे बुडबुडे काढून टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, ते तरंगते. आपला तुकडा तळाला गेला. एवढ्यावर पीव्हीसी ठरत नाही, कारण पॉलिएस्टरही बुडते. म्हणून तांब्याची तार लालभडक तापवून पॉकेटला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. पॉकेटमध्ये क्लोरिन, म्हणजे पीव्हीसीचा घटक, असल्याची ही खूण आहे. त्यात पॉकेट मऊ, आणि नव्या शॉवर कर्टनसारखा उग्र वास. (हा प्रयोग घरात करणाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, धूर नाकात जाऊ देऊ नये.)

पीव्हीसीमुळे एवढे का बिघडते, हे आपल्या खरेदी विभागाने समजून घ्यावे म्हणून लिहीत आहोत. क्लिअर स्टॅम्प फोटोपॉलिमरचा असतो. द्रव रेझिनवर अतिनील प्रकाश टाकून तो घट्ट करतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा येतो तो आत मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे. हे प्लास्टिसायझर पीव्हीसीत पक्के बांधलेले नसते. टेकून राहिलेल्या वस्तूत ते हळूहळू झिरपते, आणि उष्मा व दाब वाढला की अधिक वेगाने. क्लिअर स्टॅम्प गुळगुळीत पृष्ठभागाला आपोआप चिकटतो, म्हणून तर तो छापताना हातात धरायच्या ऍक्रिलिक ब्लॉकवर गोंदाविना बसतो. म्हणजे पॉकेटला तो नुसता टेकत नाही, पूर्ण अंगाने चिकटून राहतो. झिरपण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. परिणाम असा की शाई सारखी पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. बारीक रेघा फुगतात. देवनागरी मजकुराच्या स्टॅम्पना याचा सर्वांत जास्त फटका बसला. ‘हार्दिक शुभेच्छा’मधल्या वेलांट्या आणि जोडाक्षरांमधल्या फटी भरून गेल्या आहेत, छाप पाहिला तर अक्षराऐवजी डाग दिसतो.

आपल्या फोन सेवेवरून ‘सॅनिटायझरने पुसून बघा’ असा सल्ला मिळाला. कृपा करून हा सल्ला आणखी कोणाला देऊ नका. अल्कोहोलने फोटोपॉलिमर धुरकट होतो आणि पुढे कडक होऊन तडकतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण यापलीकडे त्याला काही लावू नये. आम्ही तसेच धुऊन सावलीत वाळवले. शाईचा मळ गेला, चिकटपणा दोन दिवसांत परत आला, कारण प्लास्टिसायझर वर लागलेले नाही, आत शिरलेले आहे.

आता मॅग्नेटिक शीट. पानावर ०.५ मिमी जाडी दिली आहे. दहा शीट एकावर एक ठेवून व्हर्निअर कॅलिपरने मोजल्यावर ३.१ मिमी भरली, म्हणजे एक शीट जेमतेम ०.३ मिमी. वजनही हेच सांगते. १२.५ × १७.५ सेंमीची ०.५ मिमी जाड शीट साधारण ४० ग्रॅम भरायला हवी, आपली २५ ग्रॅम भरते. पातळ वेफर डाय, म्हणजे छोटी पाने किंवा एखादे अक्षर, तिच्यावर टिकते. चार-पाच इंची आयताकृती फ्रेम डाय मात्र पेटी उभी करताच घसरून पॉकेटच्या तळाशी येते. एकात एक बसणाऱ्या आयतांचा संच असेल तर सगळे आयत एकमेकांत अडकतात आणि सोडवताना पातळ पट्ट्या वाकतात. वाकलेली डाय कागदासह दाबाच्या मशीनमधून काढली की एका बाजूला कापते, दुसऱ्या बाजूला नुसती खूण उठवते. मोठ्या डायसाठी ०.७५ मिमी शीटच लागते.

पत्रकातली आणखी एक सूचना काढून टाका : ‘दोन शीट समोरासमोर ठेवून मध्ये डाय ठेवा.’ या शीटवर ध्रुवांच्या अरुंद पट्ट्या असतात. चुंबकीय बाजू समोरासमोर घासून सरकवल्या की तो पट्ट्यांचा नमुना बिघडतो आणि पकड कायमची कमी होते.

तिसरी गोष्ट गंजाची. ऑगस्टच्या मध्यापर्यंत १९ डायच्या कापणाऱ्या धारेवर तपकिरी ठिपके आले, आणि पांढऱ्या कार्डस्टॉकवर, म्हणजे कार्डाच्या जाड कागदावर, त्याच रंगाची रेघ उमटू लागली. स्टीलच्या डायला पावसाळी हवेत गंज धरणार, हे ठाऊक आहे. म्हणूनच ‘ओलावारोधक’ लिहिलेली पेटी घेतली होती. झाकण आणि पेटीच्या कडेत मात्र पोस्टकार्ड सहज शिरेल एवढी फट आहे. सोबत ५ ग्रॅम सिलिका जेलची एक पुडी मिळते. घट्ट बंद पेटीत ती पुरलीही असती, कारण साडेनऊ लिटरच्या बंद पेटीतील हवेत भर पावसाळ्यातही पाव ग्रॅमच्या आसपासच बाष्प असते. पण फटीतून हवा बदलत राहिली की दीड-पावणेदोन ग्रॅम पाणी शोषून पुडी काही दिवसांत थकते. मग ती बदलायची की तापवून पुन्हा वापरायची, याबद्दल पत्रकात एक ओळही नाही. उलट ‘पावसाळ्यात दोन डांबरगोळ्या ठेवा’ असे छापले आहे! डांबरगोळी बाष्प शोषत नाही, ती किडीसाठी असते. तिच्या वाफेने पॉलिस्टायरीनसारखे प्लास्टिक मऊ पडते, आणि पुष्कळजण स्टॅम्प पॉलिस्टायरीनच्या सीडी केसमध्येच ठेवतात. ही ओळ आधी खोडा.

‘६० पॉकेट’ हा आकडाही फसवा आहे. क्लिअर स्टॅम्प साधारण ३ मिमी, त्यावर डाय, मॅग्नेटिक शीट आणि पॉकेटचे दोन पदर धरले की एका भरलेल्या पॉकेटला साडेचार मिमी लागतात. साठ पॉकेटांना २७० मिमी हवेत; पेटीची आतली लांबी २३० मिमी आहे. फोमवर लावलेले लाल रबराचे क्लिंग स्टॅम्प असतील तर जागा आणखी जाते. बोटाने चाळून हवा तो संच काढायचा तर पेटीत ४५च्या वर पॉकेट भरू नयेत. ठासून भरले की दाब वाढतो, आणि दाबाने पीव्हीसीचे काय होते ते वर लिहिलेच आहे.

आमच्या मागण्या अशा. तिन्ही पेट्यांचे १०,३५० रुपये परत करावेत आणि खराब झालेल्या ३१ संचांची भरपाई द्यावी. संचांची यादी, किमती व छापांचे फोटो सोबत आहेत. गंजलेल्या डाय आम्ही बारीक स्टील वूलने साफ करून घेऊ, त्यांचे पैसे मागत नाही. विक्री पानावरचा ‘पीव्हीसीमुक्त’ हा दावा आणि ०.५ मिमी हा आकडा आजच काढावा. पुढचा माल आणाल तेव्हा पॉकेट खरोखरच्या पॉलिप्रॉपिलीनचे, ५ × ७ इंची आणि वरून उघडणारे असावे, आत स्टॅम्प चिकटवायला कडक शीट असावी आणि पत्रकात मूळ पॅकिंग फेकू नये असे ठळक लिहावे. नव्या पॉकेटचा नमुना तपासून हवा असेल तर आम्ही विनामूल्य तपासून देऊ.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. त्या मुदतीत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पण इतर ग्राहकांना स्टॅम्प बाहेर काढण्याची सूचना देण्यासाठी महिनाभर थांबू नका. अनेकांनी गणपतीनंतर दिवाळीची कार्डे करायला घ्यायची म्हणून पेट्या बंद ठेवल्या असतील, आणि त्यांचे स्टॅम्प या क्षणी त्याच पॉकेटांना चिकटलेले आहेत.

कळावे,

आपल्या ग्राहक,
कार्डमेकिंग गट, ठाणे

सोबत : बिलाची प्रत, पॉकेटचा नमुना, मोजमापांचे व छापांचे फोटो, खराब झालेल्या संचांची यादी