न्युर्नबर्ग सहल : शनिवारची आठवण

मंडळी, जर्मनीतल्या न्युर्नबर्गला शनिवारीच जायचंय. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा 'एक दिवस पुढे ढकलू या का' हे आता पुरे!

दुपारी १२ च्या आत मुख्य बाजारचौकात, फ्राउएनकिर्शे चर्चसमोर जमा. ठोक्याला १५०९ सालच्या घड्याळातल्या, सम्राट निवडणाऱ्या सात राजपुत्रांच्या बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लच्या बाहुलीला तीन प्रदक्षिणा घालतात. चुकलं तर थेट दुसऱ्या दिवशी.

नंतर चित्रकार ड्यूररचं घर आणि किल्ला. चढ आहे, फरसबंदी दगडी. बूट साधे घाला.

तिथली बोटाएवढी सॉसेजं पावात तीन-तीन मिळतात, पण डुकराच्या मांसाची. शाकाहारींनी डबा आणावा. खाऊ म्हणून लेबकूखेन (मसालेदार गोड बिस्किटं) घ्यायचे तर 'एलिझन' प्रकारच घ्या, त्यात बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा किमान २५ टक्के असतो. अंडं चालत नसेल तर आधी विचारा.