स्टामची विक्री : किंमत बरी, वेळ चुकली

महोदय,

बचावपटू विकताना आकडा चांगला आला की व्यवहार चांगला, असे मानले जाते. मँचेस्टर युनायटेडने ऑगस्ट २००१ मध्ये आपला बचावपटू याप स्टामला इटलीच्या लाझिओ क्लबला विकले, ते सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांना. वय २९, त्यात टाचेच्या दुखापतीनंतर वेग घटल्याची शंका. कागदावर सौदा फायद्याचाच. पण हंगाम सुरू झालेला! बदली आला ३५ वर्षांचा लॉराँ ब्लाँ. खेळ वाचण्यात तो पटाईत, पण पळण्यात कमी. दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर चढले की मागच्या मोकळ्या जागेत चेंडू पडायचा. तिथे स्टाम मागे धावून पोचायचा, ब्लाँ पोचत नसे. सप्टेंबरमध्ये न्यूकॅसलने ४-३ ने हरवले, डिसेंबरमध्ये चेल्सीने युनायटेडच्याच मैदानावर ०-३. आदल्या लीग हंगामात ३१ गोल खाल्ले होते, या हंगामात ४५. गतविजेता संघ तिसरा आला आणि २००२ मध्ये बचावपटू रिओ फर्डिनंडसाठी जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागले. स्टाम मात्र २००५ ची चॅम्पियन्स लीग अंतिम लढत मिलानकडून खेळला. युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनीही पुढे ही चूक कबूल केली. तोडीचा बदली खेळाडू हातात येईपर्यंत स्टामला सोडायलाच नको होते.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर