याद्या पाठ करून उतारे सुटत नाहीत

महोदय,

नोव्हेंबरअखेरची ‘कॅट’ ही व्यवस्थापन (एमबीए) अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा जवळ आली की माझ्याकडे संध्याकाळी येणाऱ्या मुलांच्या हातात क्लासने दिलेली इंग्रजी शब्दांची जाडजूड यादी दिसते. परीक्षेत मात्र हल्ली थेट शब्दार्थ विचारत नाहीत. इंग्रजीच्या विभागात ४० मिनिटांत २४ प्रश्न, त्यांतले १६ चार उताऱ्यांवर. बहुपर्यायी प्रश्न बरोबर आला तर तीन गुण, चुकला तर एक वजा.

मुलं अडतात ती शब्दांवर नव्हे. परवा एका मुलीने संग्रहालयांवरचा उतारा सोडवला. इंग्रजी चांगलं आहे तिचं. पण तिला स्वतःला जे पटलं, त्यावरच तिने खूण केली. “मॅडम, पण ते खरंच आहे ना!” असेल बाई, पण लेखक तसं कुठे म्हणतो ती ओळ दाखव, म्हटलं. सापडेना. एकेक पर्याय का टिकतो, का पडतो, यावर आम्ही अर्धा तास घालवला. रोज डझनभर उतारे उरकणाऱ्या क्लासला एवढी सवड कुठली? फी मात्र दणकून.

आमच्याकडच्या अभ्यासिकेत गाइडांनी कपाटं भरलीत, पण विज्ञान, इतिहास, कला यांवरचं एकही इंग्रजी नियतकालिक येत नाही. देणगीदार मंडळी हौसेने पंखे आणि भिंतीवरची घड्याळं देतात. त्यांनी यंदा एखाद्या नियतकालिकाची वार्षिक वर्गणी भरावी.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, कराड